दहा-पाच असतील

येडूला कुणी "किती मेंढरं?" म्हणून विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "असतील दहा-पाच." विचारणारा तलाठी असो, सोयरा असो, नाहीतर एसटीत शेजारी येऊन बसलेला कुणी उपटसुंभ असो, उत्तरात बदल नाही. त्याचा बाप हेच सांगायचा, आजा हेच सांगायचा. पाठीमागं माळ भरून मेंढरं चरत असली तरी सांगायचं दहा-पाच. मेंढरं मोजायची नाहीत आणि आकडा तोंडातून काढायचा नाही, काढला की दृष्ट लागते, हा त्याच्या घराचाच नव्हे तर बरोबर हिंडणाऱ्या अकराही घरांचा पक्का समज. आणि मोजायचं अडलं होतं कुणाचं? संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरताना येडू तोंडाशी नुसता उभा राही, आणि एखादी कमी भरली तर कुठली, ते नाव घेऊन सांगे.

आता याच दहा-पाचनं पोरीच्या कॉलेजची वाट अडवली होती. ते फक्त येडूला ठाऊक होतं, आणि सकाळपासून त्यानं भाकरीला हात लावला नव्हता.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर चंपावती स्मृती शिष्यवृत्तीचं ऑफिस होतं. बाहेरच्या बाकावर येडू उगीचच पटका सारखा करत बसला होता. शेजारी ऋतुजा, मांडीवर दोनशे पानी वही घेऊन. वसतिगृहात राहून पोरीनं बारावीला एक्क्याण्णव टक्के पाडले होते आणि तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेतही पुरेसे गुण पडले होते. पुढची साडेपाच वर्षं फी, खोली, जेवण, पुस्तकं हे सगळं ही शिष्यवृत्ती उचलणार होती. पण ती वर्षाला चारच पोरांना मिळायची, आणि नुसत्या मार्कांवर मिळायची नाही. त्या पोरानं पुढाकार घेऊन, चार माणसं बरोबर घेऊन, लोकांच्या उपयोगाचं काहीतरी केलेलं असलं पाहिजे, अशी अट होती.

ऋतुजानं तसं केलं होतं, आणि चांगलं निगुतीनं केलं होतं. मेंढरांना लस टोचायला डॉक्टर गावात यायचे तेव्हा ही अकरा घरं मेंढरं घेऊन भलत्याच शिवारात असायची. डॉक्टर रिकामे परत जायचे आणि पावसाच्या तोंडाला कोकरं पटापट मरायची. दोष कुणाचाच नव्हता, गाठच पडत नव्हती. दहावीच्या सुट्टीत पोरीनं वही सुरू केली. कुठल्या मेंढराला कुठली लस कधी टोचली, दुसरी कधी टोचायची, सगळं त्यात. कुठल्या आठवड्यात मेंढरं कुठं बसणार ते अकरा घरांना फोन करून विचारायचं, डॉक्टरांना तिकडं बोलवायचं, आणि चरायला जाणाऱ्या मेंढरांना त्या सकाळी थांबवून धरायला सांगायचं. हे सगळं तिनं वसतिगृहाच्या जिन्यात बसून दोन वर्षं केलं. आधी म्हातारे हसले. मग वही चालू देणार नाही म्हणाले, कारण वही म्हणजे मोजणं आलं. तेव्हा ती म्हणाली, मी मोजत नाही, मी नुसती नावं लिहिते. नाव लिहायला हरकत कुणाची? जाळीच्या तोंडाशी बसून तिनं एकेक नाव उतरवून घेतलं. कानफाटी, सुरमी, बोडकी, बोडकीची लेक. एकाही नावापुढं आकडा घातला नाही.

तर हे सगळं तिनं अर्जात लिहिलं, आणि खाली साक्षीदार म्हणून बापाचा आणि आणखी दोघांचा फोन नंबर दिला. चूक झाली ती इथं.

मे महिन्यात येडू एका बागायतदाराच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून होता. तेव्हा त्याला एक फोन आला. अमरेश नावाचा कुणीतरी सोलापूरहून बोलत होता. त्यानं आधी एक लांबलचक नाव सांगितलं, ते येडूनं सोडून दिलं, कारण लांबलचक नावाची माणसं नेहमी सरकारी असतात. मग त्यानं विचारलं, "काका, तुमच्याकडं मेंढ्या किती?"

"असतील दहा-पाच."

"आणि त्यांच्या लसीकरणाची काही वही वगैरे आहे का?"

वही म्हटल्यावर तर येडू जास्तच सावध झाला. "तसलं काय न्हाय बा."

"बरं, मुलगी कशी आहे तुमची? हुशार आहे का?"

आता आपल्या पोरीला आपल्याच तोंडानं हुशार कोण म्हणतं? "हाय आपली साधारण," येडू म्हणाला, आणि फोन बंद करून मेंढरांमागं गेला. पंधरा दिवसांनी ऋतुजा तोंड एवढंसं करून घरी आली. शिष्यवृत्तीच्या ऑफिसातून पत्र होतं. अर्जात आणि मिळालेल्या माहितीत तफावत आहे, पालकांना घेऊन या. "मी तर सगळं खरं लिवलंय, आप्पा," ती म्हणाली, "तफावत कशात हाय तेच कळंना." येडूच्या डोक्यात मात्र तेव्हाच लख्ख उजेड पडला होता. त्यानं सांगायला हवं होतं. सांगोल्याहून सोलापूरपर्यंत एसटीत त्यानं तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा "पानी पितीस का?" एवढंच विचारलं. पोरगी तीनदा पाणी प्याली.

"ऋतुजा कोण? या आत," अमरेशनं दार उघडून सांगितलं. तो पंचविशीतला, चष्मेवाला, साधाभोळा होता. आवाज तोच होता. येडूनं त्याच्याकडं बघायचं टाळलं.

आत टेबलामागं दोघं होती. श्रीदेवी मॅडम शिष्यवृत्तीचं सगळं काम बघायच्या. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, आणि बोलायच्या त्या थेट. शेजारच्या खुर्चीत बापूसाहेब, ट्रस्टचे सगळ्यांत जुने विश्वस्त, ऐंशी पार केलेले. त्यांच्यापुढं चहाचा कप होता आणि ते तो फुंकत होते. फुंकण्यापलीकडं त्यांना कशात रस आहे असं दिसत नव्हतं.

"बस," मॅडम ऋतुजाला म्हणाल्या. "हे बघ, तुझा अर्ज मला आवडला होता. म्हणूनच मी चौकशी केली. गेल्या वर्षी एकानं झाडं लावल्याचे फोटो आणले होते. आम्ही पैसे दिले. मागाहून कळलं, झाडं दुसऱ्याच्या शेतातली. त्यामुळं मी आता कागदावर विश्वास ठेवत नाही. तू लिहिलंयस, अकरा घरांची मिळून एक हजार चारशे बारा मेंढरं. त्यातली तुझ्या घरची एकशे अडतीस."

येडू जागच्या जागी दचकला. स्वतःच्या मेंढरांचा आकडा तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता, आणि तोही कापडदुकानाच्या माडीवर, परक्या बाईच्या तोंडून. त्यानं पोरीकडं पाहिलं.

"तू मोजलीस?"

"मेंढरं न्हाई मोजली, आप्पा," ऋतुजा खाली मान घालून म्हणाली. "पानं मोजली. एका पानावर तेवीस ओळी, आपली सहा पानं. अर्जात आकडा मागत हुते."

"आणि चौकशीत काय निघालं, ऐक," मॅडमनी कागद वर धरला. "तीन साक्षीदार. तिघंही म्हणाले, मेंढरं दहा-पाच. अगदी हेच शब्द. वही? तिघंही म्हणाले, तसलं काही नाही. आणि तुझे वडील म्हणाले, मुलगी साधारण आहे."

ऋतुजानं मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. मेंढरांचं तिला कळलं असावं, ती त्याच घरात वाढली होती. पण साधारण हा शब्द तिला लागला. वहीच्या कोपऱ्याची घडी करत ती बसून राहिली, आणि येडूला ते बघवेना.

तो उठून उभा राहिला. "बाई, पोरीची काय बी चूक न्हाय. खोटं मी बोललो. आमच्यात मेंढरं सांगत न्हाईत. कुनालाच न्हाय. ती दोघं बी त्यामुळंच तसं बोलली. ह्यो दादा फोनवर सरकारी वाटला मला. वही हाय की, ही बगा तिच्या मांडीवर."

"ते ठीक आहे हो," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच येडू जास्त घाबरला. "पण तेव्हा तुम्ही एक बोललात, आज दुसरं बोलताय. आज तर मुलीच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे. मी कुठलं खरं धरू? आणि वही कालसुद्धा लिहिता येते."

बाई म्हणत होती ते रास्तच होतं. त्यानं आयुष्यभर आकडा झाकला, पोरीचं कौतुक झाकलं, आणि आता उघडं करायची वेळ आली तर त्याच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. साडेपाच वर्षं डोळ्यांसमोरून निघून चालली होती. घरी बायकोला, फुलाबाईला, काय सांगायचं, हेही त्याला सुचेना.

बापूसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "अमरेश," ते म्हणाले, "त्या तिघांतल्या एकाला आत्ता लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा."

अमरेशनं फोन टेबलावर ठेवून लावला. तिकडून जोतिरामचा आवाज आला. जोतिराम म्हणजे येडूचा चुलतभाऊ, मेंढरांत जन्म काढलेला, आणि फोनवर ओरडूनच बोलायचं असतं अशी समजूत असलेला.

"जोतिराम ना? सोलापूरहून बोलतोय. तुमच्याकडं मेंढ्या किती हो?" अमरेशनं विचारलं.

"असतील की दहा-पाच!" जोतिराम गरजला.

बापूसाहेब खुदकन हसले. मॅडम हसल्या नाहीत. येडूनं कपाळाला हात लावला आणि पुढं वाकून ओरडणार, तेवढ्यात ऋतुजाच बोलली. "जोतीकाका, मी ऋतू."

"ऋतू? अगं तू हाय व्हय तितं! बरं घावलीस. फोन कर, फोन कर म्हनून तुजी चुलती माजा जीव खातिया. त्या दुसऱ्या लशीचं काय झालं? एकवीस दिवस म्हनली हुतीस, झालं का एकवीस?"

"परवा होत्यात, काका. बुधवारी. डॉक्टर सकाळी सातला वड्याजवळ येणार हायत. तवर मेंढरं सोडू नका. आन म्हादूतात्यांना बी सांगा, गेल्या येळेला त्येंची उशिरा आली."

"सांगतो. आन माज्या बोडकीला टोचायचं का? ती मागल्या येळंला लंगडत हुती, तू ऱ्हाऊ दे म्हनलीस."

"बोडकीला पहिलीच टोचायची हाय. तिचं दुसरं पुढच्या म्हैन्यात. लिवलंय मी."

तिकडं कुणीतरी फोन ओढून घेतला. बाईचा आवाज आला. तिचं कोकरू पातळ हगत होतं, काय करू? ऋतुजानं विचारलं, कधीपासून, दूध पितंय का, आणि आज संध्याकाळपर्यंत दवाखान्यात न्यायला सांगितलं. मग आणखी एक आवाज आला, त्याला कानातल्या बिल्ल्याचं विचारायचं होतं. जोतिरामच्या फोनपुढं रांगच लागलेली दिसत होती. सगळं चार-पाच मिनिटं चाललं. मांडीवरची वही पोरीनं एकदाही उघडली नाही, सगळं तिला तोंडपाठ होतं. मॅडम आधी कागदाकडं बघत होत्या, मग फोनकडं, आणि शेवटी नुसत्या ऋतुजाकडं.

शेवटी फोन पुन्हा जोतिरामच्या हाती आला. "आन ऋतू, ती मेंढरं इचारनारा कोन बाबा हाय तितं? सारका फोन करतोय. त्येला सांग, दहा-पाचच हायत म्हनून. ठेवतो."

फोन बंद झाला. अमरेश चष्मा पुसू लागला. आता मात्र श्रीदेवी मॅडमना हसू आवरेना. त्या हसल्या, डोळ्यांना पदर लावला, आणि परत हसल्या. "दोन वर्षं मी प्रमाणपत्रं तपासतेय," त्या म्हणाल्या, "आणि असलं प्रमाणपत्र मला कुणी आणून दिलं नाही. बापूसाहेब?"

"मी सही कधीच केली आहे," बापूसाहेब म्हणाले. खरोखरच केली होती. फोनवर ती रांग चालू असताना त्यांनी कागद स्वतःकडं ओढून घेतला होता, आणि कुणाचं लक्षही नव्हतं.

येडूचा जीव भांड्यात पडला. तो मटकन खुर्चीत बसला. त्याला एकदम भूक लागली. पोरगी रडत होती की हसत होती, दोन्ही एकदम करत होती, आणि त्यालाही तसंच काहीसं होत होतं.

"मिळाली?" त्यानं खात्री करून घेतली. "म्हंजी समदी वर्सं?"

"सगळी वर्षं. पण एक काम राहिलंय, काका." मॅडमनी पेन उचललं. "पालकांचं मत या रकान्यात अमरेशनं लिहिलंय, मुलगी साधारण. ते खोडू की ठेवू?"

"खोडा," येडू पटकन म्हणाला.

"मग काय लिहू?"

आता आली का पंचाईत. येडूनं घसा खाकरला. हुशार म्हणावं तर जीभ वळेना, गुणाची म्हणावं तर डोळे भरून येतील अशी भीती. पोरगी त्याच्या तोंडाकडं बघत होती. आपण हिला कधी एका शब्दानं चांगली म्हटलेलं नाही, हे त्याला त्याच वेळी कळलं, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. का म्हटलं नाही? मेंढरांसारखीच तीही कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. पण झाकता झाकता खुद्द तिच्यापासूनही झाकून ठेवलं होतं.

"लिवा," तो शेवटी म्हणाला, "दोन वर्सामागं पाऊस लागला की आमची कोकरं मरायची. ढिगानं मरायची. आता मरत न्हाईत. ही हाय म्हनून मरत न्हाईत."

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, एक अक्षर बदललं नाही. अमरेशनं चहा मागवला. येडू दोन कप प्याला आणि वर चार बिस्किटं खाल्ली. खाली दुकानाच्या पायरीवर ऋतुजानं हळूच विचारलं, "आप्पा, एसटीत मला सारकं पानी इचारत हुता, ते ह्येच सांगायचं हुतं व्हय?"

"व्हय."

"मला वाटलं तुमाला बरं वाटंना."

"नव्हतंच बरं वाटत," येडू म्हणाला. "आता लई बरं वाटतंय."

फुलाबाईला फोन केला तर तिनं "मिळालं?" एवढंच विचारलं, आणि "व्हय" ऐकल्यावर पुन्हा एकदा तेच विचारून घेतलं. मग म्हणाली, येताना पेढं आना, शंभर-दोनशे ग्रामची पुडी नको, किलोभर आना. येडूनं दीड किलो घेतले.

परतीच्या एसटीत गर्दी होती. पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून येडू बसला होता, खिडकीशी ऋतुजा. मंगळवेढ्याला एक म्हातारा चढला आणि बाकाच्या उरलेल्या टोकावर टेकला. येडूच्या पटक्याकडं आणि खांद्यावरच्या घोंगड्याकडं बघून त्यानं लगेच ओळखलं. "मेंढरं हायती जनू?"

"हायती."

"किती हायती?"

"असतील दहा-पाच," येडू म्हणाला. ऋतुजानं खिडकीकडं तोंड फिरवलं. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

"आन ही पोरगी? शिकतीया का कसं?"

येडूनं एकवार पोरीकडं पाहिलं. मग अंगच म्हाताऱ्याकडं वळवून, पार ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात तो सांगू लागला. "माजी लेक हाय. ऋतुजा. बारावीला येक्क्याण्णव टक्के पडल्यात. सोलापूरच्या ट्रस्टनं आज तिचा समदा खर्च उचलला. साडेपाच वर्सांनी जनावरांची डाक्टर हुनार. लई हुशार हाय. आत्ताच चौदाशे बारा मेंढरं हिच्या भरवशावर हायती!"

"आप्पा, हळू," ऋतुजा म्हणाली. आजूबाजूची चार-पाच माणसं वळून बघत होती.

म्हातारा मात्र चक्रावला. "चौदाशे? आन आत्ता तर दहा-पाच म्हनलास की."

"दहा-पाच ती माजी," येडूनं पुड्याची दोरी सोडून एक पेढा त्याच्या हातावर ठेवला. "चौदाशे हिची हायती. हिची मोजल्याली चालत्यात."